अंधारातला प्रवास आणि एकच भिंग

आमच्या दिंडीतल्या विणेकरी आबांचा माझ्याजवळ एकच फोटो आहे, आणि तो हललेला आहे. सन २०२३ च्या आषाढी वारीत, तरडगावच्या मुक्कामी, रात्री नऊच्या सुमारास मी तो काढला. तंबूच्या मधल्या खांबाला एकच बल्ब टांगला होता. कीर्तन रंगात आले होते आणि आबा गळ्यात वीणा अडकवून जागच्या जागी डुलत होते. फोटोत वीणा ओळखू येते, फेटा ओळखू येतो. चेहरा मात्र एकावर एक दोन दिसतो. त्याच हिवाळ्यात आबा गेले. त्यांच्या घरच्यांनी, "बाई, वारीतला एखादा फोटो आहे का गं?" म्हणून विचारले तेव्हा मी तोच दिला. त्यांनी तो मोठा करून चौकटीत बसवला आहे. त्यांच्या सोप्यात बसायची वेळ आली की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

हा फोटो का हलला याचा शोध घेता घेता मी ज्या प्रश्नापर्यंत आले तो असा : पायी किंवा एसटीने प्रवास करायचा आहे, प्रकाश कमी असणार आहे, आणि झूम नसलेले, एकाच नाभीय अंतराचे, पिशवीत सहज मावणारे एकच भिंग घेण्याइतके पैसे आहेत, तर कोणते भिंग घ्यावे? छायाचित्रणात असल्या भिंगाला प्राइम लेन्स म्हणतात. कॅमेरा बाळगणारे आपल्या महाविद्यालयात फार नाहीत. पण जे आहेत त्यांपैकी निम्म्यांनी तरी हा प्रश्न मला विचारला आहे, आणि दुकानदाराने दिलेले उत्तर घेऊन ते मोकळे झालेले मी पाहिले आहेत. दुकानदाराचे उत्तर बहुधा "पन्नास एमएम घ्या, डोळे झाकून घ्या" असे असते. ते उत्तर पूर्ण चुकीचे नाही. पण डोळे झाकून घेण्यासारखेही नाही.

प्रथम त्या हललेल्या फोटोकडे वळू. अंकीय कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात आपली नोंद ठेवतो. माझा कॅमेरा म्हणजे मामेभावाने वापरून दिलेला कॅनन १५०० डी, आणि त्यावर त्याच्याबरोबरच आलेले १८ ते ५५ मि.मी.चे झूम भिंग. नोंद अशी होती : ५५ मि.मी., एफ/५.६, आयएसओ ३२००, शटर १/८ सेकंद. सेकंदाचा आठवा भाग आपल्याला काहीच वाटत नाही; पण डुलणारे माणूस तेवढ्यात दोन-चार बोटे सहज सरकते. दोष आबांचा नव्हता आणि हाताचाही नव्हता. ह्या झूम भिंगात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे. ती हात सावरते. समोरच्या माणसाला सावरत नाही. हा भेद मला वर्षभर उमगला नव्हता, म्हणून तो इथे ठळकपणे सांगते. अंधारात फोटो दोन कारणांनी हलतो, एक आपण हलतो म्हणून आणि दुसरे समोरचे हलते म्हणून. पहिल्यावर उपाय पुष्कळ आहेत. दुसऱ्यावर उपाय एकच : शटर लवकर मिटले पाहिजे. आणि शटर लवकर मिटायचे तर तेवढ्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत आला पाहिजे.

प्रकाश किती येतो हे सांगणारा आकडा म्हणजे एफ-अंक. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो, म्हणून तो जितका लहान तितका प्रकाश अधिक. ५० मि.मी.चे भिंग एफ/१.८ वर असेल तर छिद्राचा व्यास सुमारे २८ मि.मी. होतो, जवळजवळ रुपयाच्या नाण्याहूनही थोडा मोठा. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ मिळाला तर प्रकाश दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि एफ/१.८ मिळाला तर जवळजवळ पावणेदहा पट. आबांच्या फोटोला हे गणित लावले की कळते : तोच तंबू, तोच बल्ब, तोच आयएसओ, एफ/२.८ वर शटर १/३० झाले असते, एफ/१.८ वर १/८०. त्या १/८० मध्ये आबांचा चेहरा एकच आला असता.

इथे एक कोडे मला फार दिवस छळत होते. कॅननचे २४ मि.मी. एफ/२.८ भिंग घ्या. त्याचे छिद्र साडेआठ मि.मी.च्या आसपास. माझ्या झूमचे ५५ वरचे, एफ/५.६ चे छिद्र मात्र जवळजवळ दहा मि.मी.; म्हणजे त्याहून मोठे! मग लहान छिद्राचे भिंग चौपट उजेड देते कसे? आमच्या वसतिगृहात विज्ञान शाखेची एक मुलगी आहे, तिने ते मला खोलीच्या खिडकीवर समजावले. खिडकीपासून दूर उभे राहिले तर बाहेरच्या भिंतीचा लहानसा तुकडा दिसतो. खिडकीशी आले की सगळी भिंत दिसते. रुंद भिंग पुढच्या दृश्याचा फार मोठा भाग पाहते, त्या सगळ्या भागाचा प्रकाश गोळा करते आणि तो तेवढ्याच पडद्यावर टाकते. म्हणून नुसते छिद्र न मोजता त्याचे नाभीय अंतराशी प्रमाण मोजायचे. कला शाखेतल्या वाचकांनी ह्या परिच्छेदावर रागावू नये. मलाही तो तीनदा ऐकावा लागला.

काही जण म्हणतील की हल्ली फोनच रात्रीचे फोटो उत्तम काढतो, एवढी उठाठेव कशाला? फोनची रात्रीची किमया अशी असते की तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो व ते जुळवून एक करतो. देऊळ, दीपमाळ, घाट, उभी एसटी यांना ही युक्ती छान लागू पडते. समोर टाळकरी नाचत असतील तर जुळवायचे काय? चेहरे मेणासारखे होतात किंवा हातांना भुते फुटतात. फोनला मी नावे ठेवत नाही. घरी आईचे सगळे फोटो त्यावरच आहेत.

आणि फ्लॅश? तो कीर्तनात मारला तर काय होते ते मी पहिल्या वारीतच पाहिले. आजी रात्री म्हणाली, "कीर्तनात इजा पाडू नगंस बाय. म्हाराजांची ओवी तुटती." तेव्हापासून फ्लॅश बंद तो बंदच. अजिंठ्यातही चित्रांच्या रक्षणासाठी लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. तेव्हा प्रवासातल्या अंधारात हाताशी उरतो तो जागचा प्रकाश, आणि त्याला आत घेणारे भिंग.

ही धडपड नवी नाही. फोटोग्राफीचा जन्म जाहीर झाला १८३९ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने माणसांच्या फोटोंसाठी सुमारे एफ/३.६ चे भिंग गणिताने रचून दिले. मिनिटामिनिटांच्या बैठकी त्यामुळे सेकंदांवर आल्या. मला मात्र जास्त ओढ वाटते ती १९२४ च्या एर्मानॉक्स या जर्मन कॅमेऱ्याची. त्यावरचे एफ/२ चे एर्नोस्टार भिंग लुडविग बेर्टेले यांनी रचले होते. एरिक सालोमन नावाच्या गृहस्थांनी, जे कायदा शिकलेले होते, हा कॅमेरा लपवून न्यायालयांत नेला आणि पुढे राजकीय परिषदांतून रात्रीच्या दिव्यांत दमलेले, जांभया देणारे मुत्सद्दी टिपले. तोवर पुढाऱ्यांचे फोटो म्हणजे ताठ बसलेली माणसे. सालोमन यांना १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारण्यात आले. भिंग हे नुसते काचेचे यंत्र नाही असे मला त्यांच्यामुळे वाटू लागले. याच वाटेचे टोक म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'बॅरी लिंडन' हा १९७५ चा चित्रपट. नासासाठी बनवलेले झाइसचे ५० मि.मी. एफ/०.७ चे भिंग वापरून त्यांनी नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. पण तिथेही एक किंमत मोजावी लागली. रेखीवपणाची खोली इतकी थोडी उरली की नटांना पुढे-मागे हलायची सोय राहिली नाही.

ही किंमत मलाही मोजावी लागली. २०२४ च्या वारीआधी फलटणच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी आपले ५० मि.मी. एफ/१.८ भिंग पंधरा दिवसांसाठी उसने दिले. कॅननचे हे २०१५ सालचे भिंग अवघे १६० ग्रॅम वजनाचे. हातात घेतले तर खेळण्यातले वाटते. पहिल्या रात्री मला स्वर्ग दोन बोटे उरला. आजीचा चेहरा कंदिलाच्या उजेडात असा आला की सुरकुती सुरकुती मोजावी. दुसऱ्या रात्री लक्षात आले की माझ्याजवळ फक्त चेहरे जमा होत आहेत. तंबूत मागे सरकायला जागा नव्हती. पाठ कनातीला लागली तरी चौकटीत एकच माणूस. आजीचे डोळे रेखीव, पण हातातली जपमाळ धूसर. कीर्तनकार आहेत तर टाळकरी नाहीत. टाळकरी आहेत तर पुढे बसून डोळे पुसणाऱ्या बायका नाहीत. ते फोटो पाहून कुणी म्हणावे की ही माणसे कुठल्या स्टुडिओत बसली होती. दिंडी कुठे आहे?

याचे कारण पुन्हा गणितात आहे, आणि हे गणित तर शाळेतल्या समरूप त्रिकोणांचे आहे. माझ्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पडदा २२.३ मि.मी. रुंद आणि १४.९ मि.मी. उंच आहे. पडद्याच्या रुंदीला नाभीय अंतराने भागा आणि समोरच्या माणसापर्यंतच्या अंतराने गुणा; चौकटीत किती रुंद दृश्य मावेल ते मिळते. दोन मीटरवर माणूस बसला असेल, आणि तंबूत तो बहुधा तेवढ्यावरच असतो, तर ५० मि.मी. मधून सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य दिसते. म्हणजे एक माणूस आणि शेजाऱ्याचा खांदा. ४० मि.मी. मधून ११० सेंटिमीटर. २४ मि.मी. मधून १८५ सेंटिमीटर : तीन माणसे मांडी घालून बसलेली, मध्ये समई, वर खांबाचा बल्ब. मी हे खोलीत फरशीवर खडूने आखून पाहिले. पैसे खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने हे करावे. आपण जिथे उभे राहणार तिथून किती दिसायला हवे, हे खडू सांगतो; दुकानदार सांगत नाही.

इथे एक सावधगिरी. ५० मि.मी.ला 'डोळ्यासारखे' भिंग म्हणण्याची जी रीत आहे ती ३५ मि.मी. फिल्मच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मि.मी.च्या चौकटीची आहे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाला ५० मि.मी.चे भिंग होते, आणि तिथून ती रीत रुळली. आपल्यासारख्यांच्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत पडदा लहान असतो, आणि त्यामुळे दृश्य कापले जाते. कॅननमध्ये १.६ ने गुणायचे, निकॉनमध्ये १.५ ने. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी. हे जुन्या हिशेबाने ८० मि.मी. झाले. ते चेहऱ्याचे भिंग झाले, प्रवासाचे राहिले नाही. जुन्या पुस्तकातले वाक्य नव्या कॅमेऱ्याला लावल्याने किती जणांचे पैसे वाया गेले असतील!

मग रुंद भिंग घ्यावे आणि मोकळे व्हावे, असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये इतिहास विभागाची अभ्याससहल अजिंठ्याला गेली आणि तिथे माझ्या विचाराला दुसरे वळण मिळाले. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातला अधिकारी १८४४ पासून तिथे चित्रांच्या प्रतिकृती रंगवीत होता. त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता आणि त्याचे फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाले. आमच्या सरांनी हे सांगितले तेव्हा आम्ही पहिल्या लेण्याच्या दाराशी उभे होतो, आणि आत मंद दिवे होते. तिपाई न्यायची तर परवानगी लागते. खांबांना टेकायचे नाही. मी चक्क जमिनीवर बसले, कोपरे गुडघ्यांवर रोवली, श्वास धरला आणि साधे झूम भिंग २४ मि.मी. वर ठेवून १/८ सेकंदात पद्मपाणीचा फोटो घेतला. तो स्वच्छ, रेखीव आला! पद्मपाणी दीड हजार वर्षांत हललेला नाही, तो माझ्यासाठी कशाला हलतो?

त्या संध्याकाळी एसटीत बसून हिशेब मांडला. झूम भिंग २४ मि.मी. वर असताना त्याचे छिद्र एफ/४ च्या आसपास उघडते. २४ मि.मी.चे एफ/२.८ भिंग त्याच्या फक्त दुप्पट प्रकाश देणार. शिवाय त्यात कंप सावरणारी यंत्रणा नाही. म्हणजे लेणी, मंदिरे, वाडे यांच्यासाठी ते भिंग घेणे हा शुद्ध तोटा. साधे झूमच वरचढ. याउलट ५० मि.मी. एफ/१.८ हे झूमच्या त्याच टोकापेक्षा नऊ-दहा पट प्रकाश देते. दुकानदार जे सांगतो त्यामागे हे खरे कारण आहे, आणि ते मला मान्य करावेच लागले. प्रकाशच विकत घ्यायचा असेल तर पन्नास एमएमइतका स्वस्त प्रकाश कुठे मिळत नाही.

पण मला काय हवे होते? माझा अंधार कोणता? लेण्यातला नव्हे, तंबूतला. त्यात माणसे हलतात आणि मागे सरकायला जागा नसते. म्हणून प्रश्न असे विचारायला हवेत असे मला वाटते : माझ्या अंधारात हलते काय? आणि मी किती लांब उभी राहू शकते? सर्वांत लहान एफ-अंक कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. जो चौकात, स्थानकावर, यात्रेत दुरून माणसे टिपतो त्याने खुशाल ५० घ्यावे. ज्याला वास्तू टिपायच्या आहेत त्याने काहीच घेऊ नये, आहे तेच भिंग घट्ट धरायला शिकावे.

रुंदीही हवी आणि मोठे छिद्रही हवे, असे भिंग नाहीच का? आहे. माझ्या वर्गमित्राजवळ निकॉनचा कॅमेरा आहे आणि त्यावर ३५ मि.मी. एफ/१.८ चे, २००९ साली निघालेले, सुमारे २०० ग्रॅमचे भिंग. दोन मीटरवर त्यातून १३४ सेंटिमीटर दिसते. दोन माणसे आरामात. प्रकाशही ५० मि.मी.एवढाच. प्रवासासाठी ह्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवर त्याहून समतोल भिंग मी पाहिलेले नाही. नव्याने कॅमेरा घेणाऱ्याने आधी भिंग ठरवावे व मग त्याला बसणारा कॅमेरा शोधावा, हे उफराटे वाटणारे मत मी त्या भिंगामुळे बनवले आहे. (निकॉन घेणाऱ्यांनी एक पाहावे : डी ३५०० सारख्या छोट्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी 'एएफ-डी' जातीची स्वस्त भिंगे त्यांवर हातानेच फोकस करावी लागतात.) माझ्या कॅननसाठी एका परदेशी कंपनीचे ३५ मि.मी. एफ/२ दुकानात लावून पाहिले. कोपऱ्यातल्या अंधारात ते पुढे-मागे घुटमळत राहिले, म्हणून परत दिले. कॅननचे स्वतःचे ३५ मि.मी. एफ/२ उत्तम आहे, पण ते ३३५ ग्रॅमचे, आणि किंमत ऐकून मी नुसती मान डोलावली.

राहिले २४ मि.मी. एफ/२.८. कॅननचे २०१४ मधले हे भिंग १२५ ग्रॅमचे आणि जेमतेम २३ मि.मी. जाड आहे. इंग्रजीत असल्या चपट्या भिंगाला पॅनकेक म्हणतात; आपण धिरडे म्हणायला हरकत नाही. ते लावले की कॅमेरा आजीच्या पिशवीत टाळांशेजारी मावतो. चपटेपणाचा मला सुचला नव्हता असा एक फायदा नंतर कळला. लांब नळकांडे आपल्याकडे वळले की वारकरी बायका पदर सावरतात, हसू आवरतात, ओव्या थांबतात. धिरड्याकडे कुणी पाहत नाही. आणि त्याला सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळचे दिसते, तेव्हा मांडीवरच्या हरिपाठाचे पान त्यालाच साधते. पन्नासला त्यासाठी पस्तीस सेंटिमीटर मागे जावे लागते.

आता प्रकाशाची तूट. आबांच्या फोटोचेच माप धरले तर एफ/२.८ वर, आयएसओ ३२०० ला १/३० सेकंद. आयएसओ ६४०० केला की १/६०. एवढ्यात बसलेला, डुललेला माणूस थांबतो. नाचणारा थांबत नाही. आयएसओ वाढवला की फोटोत वाळूसारखे दाणे येतात. त्या दाण्यांचा बाऊ करू नये असे माझे ठाम मत आहे. दाणेदार चेहरा हा चेहरा असतो. हललेला चेहरा पुन्हा जोडता येत नाही. शिवाय २४ मि.मी. मध्ये दोन मीटरवर सुमारे पाऊण मीटर खोलीचे सगळे रेखीव राहते, तर ५० मि.मी. एफ/१.८ मध्ये जेमतेम अकरा सेंटिमीटर. अंधारात फोकस थोडा चुकला तर पन्नासला माफी नाही. जाता जाता एक खटकणारी गोष्ट : तंबूतले विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नसले तरी. शटर १/१०० पेक्षा फार वेगवान ठेवले तर एक फोटो उजळ आणि दुसरा काळवंडलेला असे होते. तेव्हा भिंगाने १/१६० दिले तरी ते तिथे नेहमी वापरता येतेच असे नाही. ही बाब पन्नासच्या बाजूच्या वकिलांनी लक्षात घ्यावी.

निर्णय झाला, पैसे राहिले. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात काम करून वर्षभरात जे उरले होते त्यात पुण्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात वापरलेले भिंग बसले. साडेसहा हजार. वडिलांना दाखवले तेव्हा त्यांनी ते उलटसुलट केले आणि म्हणाले, "एवढ्या पैशात ह्याला झूम बी न्हाय?" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथे काय शिकवतात याविषयी त्यांना मुळातच शंका आहेत, त्यात ही भर पडली. मी वर लिहिलेले सगळे त्यांना सांगायला लागले. अर्ध्यावर ते म्हणाले, "बरं बरं, तुला कळतंय न्हवं?"

वापरलेले भिंग घेताना मी जे तपासले ते सांगते. दिवाबत्ती घेऊन काचेतून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ते भिंग कितीही स्वस्त असले तरी सोडावे. आपल्या पावसाळी हवेत ती फार लवकर धरते. कॅमेऱ्यावर लावून एफ-अंक मोठा ठेवावा, फोटो घेताना समोरून छिद्राच्या पात्या पाहाव्यात; त्या तेलकट नसाव्यात व झटकन मिटाव्यात. दुकानातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात फोकस करून पाहावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एक फोटो पूर्ण उघड्या छिद्राने घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतले आकडे वाचून पाहावे. एकच कोपरा धूसर असेल तर भिंग कधीतरी पडलेले आहे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवावे. चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. आषाढात कॅमेऱ्याला साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर एवढे पुरते. भिंग चपटे असल्याने पिशवी नीट बसते.

२०२५ च्या वारीत, तरडगावला पुन्हा तोच तंबू लागला. वीणा आता दुसऱ्या एकांच्या गळ्यात आहे. मी खांबापासून दोन मीटरवर मांडी घालून बसले आणि आयएसओ ६४००, एफ/२.८, १/६० वर अकरा फोटो घेतले. त्यांतले सात बरे आहेत. विणेकऱ्यांचा चेहरा एकच आला आहे. टाळांच्या कडा हलल्या आहेत, आणि वरच्या काळोखात दाणे दिसतात. एक फोटो पोस्टकार्डाएवढा छापून घेतला व आजीला दिला. तिने तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्यात मी कुठं हाय?" डाव्या कोपऱ्यात, कनातीला टेकून, पदराने डोळे टिपत ती बसली होती.